बावीस टॉवेलांचा फेस

फेस हा स्वच्छतेचा पुरावा आहे, यावर भीमराज भिंगारदिवे यांचा जेवढा विश्वास होता, तेवढा पंचवीस वर्षं हेडक्लार्क राहूनही त्यांचा कुठल्या कागदी पुराव्यावर बसला नव्हता. कपडे धुतले गेले की नाही हे कपड्याकडे बघून कळत नाही, बादलीकडे बघून कळतं, असं ते म्हणत. बादलीवर फेसाचा डोंगर असेल तर धुतले. नसेल तर नुसते भिजवले. एवढ्या ठाम मताच्या माणसानं जन्मात स्वतःचा बनियनसुद्धा धुतला नव्हता ही गोष्ट वेगळी. मत असायला धुतलंच पाहिजे असं काही नाही.

निमित्त झालं बुद्धगयेचं. सावेडीतल्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर मालनबाई साळवे राहतात. त्या दरवर्षी विहारातल्या बायकांना घेऊन कुठं ना कुठं जातात. यंदा बुद्धगया आणि सारनाथ, अकरा दिवस. भीमराजांच्या पत्नी यशोधराबाई यांना तिकडं जायचं होतं, आणि ते आजकालचं नव्हे, चांगलं तीस वर्षांपासून. पण कधी बदली आडवी आली, कधी मुलीची, म्हणजे वृषालीची, दहावी, कधी सासूबाईंचे गुडघे आणि कधी ऑफिसातलं ऑडिट. आता वृषाली लग्न होऊन पुण्याला गेली होती, सासूबाई राहिल्या नव्हत्या, बदल्या संपल्या होत्या आणि ऑडिट दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर होतं. अडचण म्हणून एकटे भीमराजच शिल्लक होते.

मालनबाईंच्या यादीत शेवटची एक जागा उरली होती. ती त्यांनी यशोधराबाईंसाठी रविवारी संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवली. त्यानंतर भिंगारच्या एक बाई तयारच होत्या.

“मी गेले तर तुमचं कसं व्हायचं?” यशोधराबाईंनी विचारलं.

एवढंच विचारलं. पण भीमराजांना ते लागलं. ज्या माणसानं चाळीस जणांचं ऑफिस हाकलं त्याला तीन खोल्या अकरा दिवस हाकता येणार नाहीत का, असं ते बरंच काही बोलले. यशोधराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गुरुवारी मी आईकडे काष्टीला जाते, रविवारी संध्याकाळी येते. आले तेव्हा घर आहे तसं दिसलं तर मालनबाईंना हो सांगते. भीमराज म्हणाले, खुशाल जा. आणि त्या खरंच गेल्या.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर भीमराजांनी पाठकोऱ्या कागदावर अकरा दिवसांचं नियोजन मांडलं. जेवणाला मेसचा डबा. झाडू-फरशीला बाई येतेच. शर्ट-पँट इस्त्रीवाला धुऊन आणतो. म्हणजे उरले काय, तर टॉवेल. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ बाब वाटेल, पण भीमराज दिवसातून दोनदा आंघोळ करतात आणि दोन्ही वेळा त्यांना कोरडा, धुतलेला टॉवेल लागतो. बत्तीस वर्षं बाथरूमच्या खुंटीवर तो त्यांना रोज दोनदा मिळत आला होता, आणि तो तिथं कसा येतो याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. अकरा दिवस गुणिले दोन म्हणजे बावीस. बावीस टॉवेल एकदाच धुऊन रचून ठेवले की अकरा दिवस मशीनला हात लावायलाच नको. ही युक्ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी कागदावर तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

घरात वापरातले टॉवेल चार. बाकीचे आणायचे कुठून? तेव्हा त्यांना आहेराची सूटकेस आठवली.

आपल्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे टॉवेल-टोपी. लग्न असो, वास्तुशांत असो, निवडणुकीत पडणं असो. भीमराज रिटायर झाले तेव्हा तालुक्या-तालुक्यातून माणसं आली आणि प्रत्येकानं त्यांच्या खांद्यावर एक टॉवेल टाकला. पण ज्यांना ही रीत माहीत आहे त्यांना हेही माहीत आहे की आहेराचा टॉवेल अंग पुसायला नसतो. तो पुढं द्यायला असतो. तो घडी न मोडता या लग्नातून त्या लग्नात जातो, पाथर्डीहून श्रीगोंद्याला आणि श्रीगोंद्याहून परत पाथर्डीला, आणि त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला पाणी लागत नाही. ते लागू नये म्हणूनच की काय, त्याला अशी कडक खळ दिलेली असते की तो भिंतीला टेकवून उभा राहावा. यशोधराबाईंनी असे बरोबर अठरा टॉवेल सूटकेसमध्ये जपून ठेवले होते.

सूटकेसची किल्ली शोधताना कपाटात साड्यांच्या खाली भीमराजांना मालनबाईंच्या सहलींची छापील पत्रकं सापडली. गेल्या नऊ वर्षांची नऊ. एकही चुरगळलेलं नव्हतं. ते बघून भीमराज पलंगावर बसले. घर सांभाळून दाखवायची आतापर्यंत नुसती जिद्द होती. आता त्यांना मनापासून वाटलं की काही झालं तरी यंदा तिनं गेलंच पाहिजे. मग ते उठले आणि कामाला लागले. सगळी गडबड तिथून सुरू झाली.

मशीन वृषालीनं आईच्या नावानं घेऊन दिलेलं, समोरून काचेचं दार असलेलं. त्यात भीमराजांनी बावीसच्या बावीस टॉवेल गुडघ्यानं रेटून बसवले. आता पावडर. जुन्या घरी बोअरचं खारं पाणी होतं. त्यात मूठभर पावडर टाकली तरी फेस येत नसे, दोन मुठी टाकल्या तर पाणी नाखुशीनं थोडं पांढरं होई. यशोधराबाई ‘दोन मुठी’ म्हणत ते भीमराजांच्या कानावर वीस वर्षं पडलेलं. या नव्या इमारतीत सोसायटीनं पाणी मऊ करायचं यंत्र बसवलंय आणि इथं त्याच बाई अर्धा चमचा पावडर वापरतात, हे त्यांच्या कानावर पडलं नव्हतं, कारण अर्धा चमचा वापरणारी बाई काही बोलत नाही. भीमराजांनी दोन मुठी टाकल्या. पाच मिनिटं काचेतून पाहिलं. फेस दिसेना, तेव्हा कप्पा ओढून तिसरी टाकली. पावडरही हातानं कपडे धुवायची, मोरीतल्या पिशवीतली. मशीनसाठीचा डबा वेगळा होता, पण तो फारच लहान दिसला.

दहाव्या मिनिटाला काचेत फेस आला. भीमराजांना समाधान वाटलं. पंधराव्या मिनिटाला टॉवेल दिसेनासे झाले. विसाव्या मिनिटाला वरच्या कप्प्यातून फेस हळूच बाहेर डोकावला, थोडा वेळ थांबला आणि मग मशीनच्या अंगावरून खाली उतरू लागला. मशीननं तीन इंग्रजी अक्षरं दाखवली आणि फिरणं थांबवलं. मग पाणी सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं. उरलेला वेळ दाखवणारा आकडा अठरावर होता. तो पाऊण तास अठरावर राहिला. नंतरच्या दीड तासातही तो अठराच होता. भीमराज समोर खुर्ची टाकून बसले. ‘दहा मिनिटांत होईल, बसा’ असं त्यांनी नोकरीत किती लोकांना सांगितलं असेल याला गणती नाही. बसणाऱ्याला ते कसं वाटतं हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं अतिशय नम्रपणे मशीनचा नंबर विचारला, खरेदीची तारीख विचारली, पत्ता विचारला, आणि म्हणाली, आता ग्राहकाच्या मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा. ग्राहक म्हणजे यशोधराबाई. मोबाईल काष्टीत. भीमराज म्हणाले, ग्राहकाचा नवरा इथं समोर उभा आहे. मुलगी म्हणाली, सर, नवऱ्याची नोंद आमच्याकडे नाही. नियम म्हणून हे अगदी बरोबर होतं, त्यांनी स्वतःही हेच केलं असतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त राग आला. काष्टीला फोन करून ओटीपी मागणं म्हणजे परीक्षेच्या पहिल्याच पेपरला मास्तरांना उत्तर विचारण्यासारखं होतं. त्यांनी फोन ठेवून दिला.

अडीच तासांनी दार उघडलं. टॉवेल पिळले की त्यातून फेस येई, झटकले की येई, नुसतं त्यांच्याकडं पाहिलं तरी येईल असं वाटे. तेवढ्यात मोबाईल वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या हनुमंतराव काळ्यांनी फोटो टाकला होता. त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून फेस वर आला होता, गुडघाभर, आणि त्यावर त्यांची एक स्लीपर तरंगत होती. खाली मजकूर होता, ‘हा फेस कोणाचा?’

इथं भीमराजांनी खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ग्रुपवर मालनबाई होत्या. मालनबाईंना कळलं की काष्टीला कळणार. ते घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस सवयीनं वागतो. त्यांच्या बोटांनी आपोआप लिहिलं, ‘सदर प्रकाराची सखोल चौकशी होणे आवश्यक आहे.’

सेक्रेटरी अमृत गुगळे यांनी लगेच उत्तर दिलं, की इमारतीत चौकशीचा अनुभव असलेले आपण एकटेच आहात, तरी आपणच चौकशी करून रविवारपर्यंत अहवाल द्यावा. त्यावर चौदा अंगठे आले. पंधरावा हनुमंतरावांचा, जोडीला नमस्कार.

त्यामुळं शुक्रवारी दुपारी भीमराज भिंगारदिवे स्वतःच्याच फेसाची पाहणी करायला पॅड आणि पेन घेऊन खालच्या मजल्यावर गेले. फेसाचा रंग, वास, उंची, प्रथम कधी आढळला, कुणावर संशय आहे का, सगळं रीतसर लिहून घेतलं. हनुमंतराव भारावून गेले. त्यांनी चहा दिला. निघताना त्यांनी सहज म्हणून विचारलं, आमच्या एका नातेवाइकाचे टॉवेल धुतल्यावर फार कडक होतात, त्याला काय करावं? हनुमंतराव म्हणाले, ती निळी बाटली मिळते ना, कपडे मऊ करायची, सुवासिक, ती ओता. आमच्याकडे तर त्याशिवाय पान हलत नाही.

भीमराजांनी अर्धी बाटली ओतली. टॉवेल लोण्यासारखे मऊ झाले आणि घरात सलूनचा वास सुटला. संध्याकाळी मोठ्या आशेनं त्यांनी आंघोळ केली आणि त्यातला एक अंगाला लावला. टॉवेलनं पाणी पुसलं नाही, नुसतं खाली ढकललं. खांद्याचं पाणी कमरेवर आलं, कमरेचं पोटरीवर. जोर लावून घासलं तेव्हा मात्र त्याच्या आत दडून बसलेला फेस बाहेर आला, आणि स्वच्छ आंघोळ करून आलेले भीमराज पुन्हा पांढरे झाले. म्हणून पुन्हा आंघोळ. पुन्हा टॉवेल. तिसऱ्या आंघोळीनंतर ते पंख्याखाली हात पसरून उभे राहिले आणि अंग खाजायला लागलं.

शनिवारी सकाळी त्यांनी वृषालीला फोन केला. इथंही नातेवाईकच पुढं केला. वृषालीनं विचारलं, बाबा, त्या नातेवाइकानं पावडर किती टाकली? ते म्हणाले, प्रमाणात. ती म्हणाली, त्यांना सांगा, आता पावडर अजिबात टाकू नका. थोडे थोडे टॉवेल घ्या, चार-पाच, आणि नुसत्या पाण्यात दोन-तीनदा फिरवा. वाटलं तर वाटीभर व्हिनेगर टाका. आणि ती मऊ करायची बाटली टॉवेलला कधीच नाही, टॉवेल पाणी प्यायचं विसरतात.

या सल्ल्यात करायचं कमी आणि न करायचं जास्त होतं. पावडर टाकू नका, जास्त भरू नका, बाटली ओतू नका. ज्या माणसाला काहीतरी करून दाखवायचंय त्याच्या हाती यातून फक्त व्हिनेगर लागलं. भीमराजांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठी बाटली आणली आणि वाटी सापडेना म्हणून अंदाजानं ओतली. सलूनचा वास आणि व्हिनेगरचा वास एकत्र झाल्यावर चायनीजच्या गाडीवर कुणी दाढी करत असावं असं घर झालं. त्यात एका टॉवेलचा लाल रंग सुटला आणि बाकीचे एकवीस फिकट गुलाबी झाले.

मग मात्र ते वृषालीच्या शब्दावर आले. पाच-पाच टॉवेल, पावडर नाही, नुसतं पाणी. उपाय अगदी बरोबर होता. फक्त तीन मुठी पावडर आणि अर्धी बाटली पोटात घेतलेले टॉवेल दोन-तीन पाण्यांत थोडेच ऐकणार? आणि त्या मशीनला फेस दिसला की ते आपल्या मनानं आणखी पाणी घेई. भीमराज बटण दाबत, मशीन पाणी घेई, अठरा मिनिटं दाखवी, आणखी पाणी घेई. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत हे चाललं. फेस कमी होत होता, हे खरंच होत होतं. अजून चार फेऱ्या झाल्या असत्या तर काम फत्ते होतं. पण तीन वाजता मशीननं पाणी मागितलं आणि नळातून नुसतीच हवा आली.

इमारतीची गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. ग्रुपवर एकच कल्लोळ झाला. गुगळे यांनी जाहीर केलं की रविवारी दुपारी टँकर मागवला आहे, तोवर सर्वांनी जपून वापरावं, आणि अचानक पाणी संपण्याचं कारणही भिंगारदिवे साहेबांनी आपल्या चौकशीत समाविष्ट करावं. या वेळी सतरा अंगठे आले.

रविवारी सकाळी भीमराज गुलाबी, ओल्या, उग्र वासाच्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी बसले होते तेव्हा वॉचमन गहिनीनाथ वर आला. गहिनीनाथ तिसगावकडचा, अंगानं काटक. दहा-बारा वर्षं ऊस तोडल्यावर कंबर बोलायला लागली म्हणून इथं गेटवर बसलेला. त्यानं ढिगाकडं पाहिलं.

“साहेब, शुक्रवारीच बघितलं मी. पायपातून फेस तुमच्याच घरातनं येत हुता. कुनाला बोललो न्हाई.”

भीमराजांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस आपण पॅड घेऊन इमारतीत हिंडतोय आणि गेटवरच्या माणसाला पहिल्या तासापासून सगळं माहीत आहे. तो काही बोलला नाही, त्यातून त्यानं त्यांचा मानच राखला होता, आणि तेच जास्त झोंबलं. त्यांनी हळूच विचारलं, आता काय करावं?

गहिनीनाथ म्हणाला, कारखान्यावर असताना त्याची बायको लंकाबाई टँकरच्या पाण्यावर घोंगड्या धुवायची. साबण नाही, काही नाही. टबात टाकायचं, पाय दुमडून नाचायचं नाही, टाच रोवून तुडवायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा तुडवायचं. “मशीन नुसतं घुसळतंय, साहेब. घुसळल्यावर फेस व्हनारच की. ह्याला दाबून काढाया पायजे. टँकर खाली व्हताना नळीतनं लई पाणी सांडतंय, तेवढं धरलं तरी हुईल.”

म्हणजे हे खाली करायचं होतं. गेटजवळ, मोकळ्यावर, सगळ्या गॅलऱ्यांसमोर. भीमराज अर्धा तास विचार करत बसले. मग त्यांनी पॅड ओढलं आणि अहवाल लिहिला. तो त्यांच्या नोकरीतला सर्वांत आखूड अहवाल ठरला. ‘विषयांकित फेस हा खाली सही करणाऱ्याचा आहे. टाकीतील पाणीही खाली सही करणाऱ्यानेच संपविले. कारण, टॉवेल धुण्याचे अज्ञान. चौकशी अधिकारी आणि दोषी इसम एकच असल्याने साक्षी-पुरावे नोंदविले नाहीत. क्षमस्व.’ फोटो काढून ग्रुपवर टाकला, मोबाईल उशीखाली ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टॉवेल उचलले.

दुपारी टँकर आला. नळीच्या जोडातून पाणी सांडत होतं, तिथं गहिनीनाथनं एक जुना प्लास्टिकचा टब मांडला आणि चाळीस जणांचं ऑफिस हाकलेले भीमराज भिंगारदिवे त्यात उतरले. पहिल्या तुडवणीला फेस पोटऱ्यांपर्यंत आला. वरच्या गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. कुणी काही बोलेना. त्यांना वाटलं, याहून लोक हसले असते तर बरं.

मग जिन्यात पावलं वाजली. हनुमंतराव दुसरा टब घेऊन येत होते. त्यांनी टब खाली ठेवला, चपला काढल्या, लेंगा वर खोचला आणि म्हणाले, “नातेवाईक तुम्हीच होय? मला आधी सांगायचं. निळ्या बाटलीचं पाप माझंही आहे.” ते टबात उतरले. गुगळे यांनी वरून ओरडून सांगितलं, की टँकरचं पाणी अर्ध्या तासात संपेल, त्याच्या आत आवरा, आणि माझी गॅलरी रिकामी आहे, वाळत घालायला पाठवा. मालनबाई पायरीवर येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर सहलीची वही होती. त्यांनी दोन वेळा घड्याळ पाहिलं.

साडेपाच वाजता एकोणीस टॉवेल झाले होते. सगळ्या मजल्यांवर, सगळ्या गॅलऱ्यांवर गुलाबी टॉवेल लटकत होते. तीन अजून टबात होते. आणखी अर्धा तास मिळाला तर तेही वर जातील, घर पुसून होईल, वासाला उदबत्ती लावता येईल, असा हिशेब भीमराज तुडवता तुडवता करत होते. तेव्हा गेटपाशी रिक्षा थांबली आणि यशोधराबाई उतरल्या.

त्यांनी आधी इमारतीकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग टबाकडं. टबात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिलं.

“हे पंकजच्या लग्नात द्यायचे होते,” त्या एवढंच म्हणाल्या. पंकज त्यांचा भाचा. त्याचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

यशोधराबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली, पदर कमरेला खोचला, बाह्या सरकवल्या आणि टबाशी येऊन वाकल्या. “सरका,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रोज हजारदा करायच्या कामाला माणूस जसा लागतो तशा त्या लागल्या होत्या, आणि त्यांनी टबातल्या टॉवेलचं टोक धरलंसुद्धा. पायरीवर मालनबाईंनी पेनाला टोपण लावलं.

ते भीमराजांनी पाहिलं. काय होतंय ते त्यांना एकदम कळलं. हा एक टॉवेल तिनं पिळला की संपलं. वही मिटणार, भिंगारच्या बाई जाणार, आणि खुंटीवर रोज दोनदा कोरडा टॉवेल येत राहणार. त्यांनी टॉवेलचं दुसरं टोक धरलं.

“सोड तो.”

“अहो, फेस आहे त्यात अजून.”

“असू दे. राहिला तर राहील.” भीमराज बोलताना थांबत होते, त्यांना असं बोलायची सवय नव्हती. “मला जमलं नाही, यशोधरा. घर बिघडवलं, मशीन बिघडवलं, इमारतीचं पाणी संपवलं. पण मला जमलं म्हणून तू जावंस आणि नाही जमलं म्हणून राहावंस, हे बरोबर नाही. बत्तीस वर्षं तू केलंस म्हणून तर मला येत नाही. अजून केलंस तर कधीच येणार नाही. तू जा.”

“आणि घर?”

“बिघडेल. तू येईपर्यंत बिघडलेलंच राहील. आल्यावर बघू.”

हनुमंतराव आपल्या टबात पाण्याकडं बघत उभे राहिले. गहिनीनाथला एकाएकी गेटचं काहीतरी काम आठवलं. यशोधराबाई तशाच वाकलेल्या होत्या, टोक हातात धरून. मग त्यांनी ते सोडलं. ओले हात पदराला पुसले, पायरीपाशी गेल्या आणि मालनबाईंना म्हणाल्या, “वही द्या इकडं. मीच लिहिते.”

त्यांनी आपलं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, सावकाश, आणि लिहून झाल्यावर एकदा वाचलं. सहाला दहा मिनिटं कमी होती. मालनबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, भाऊ, तुम्ही तर आमची जागा भरली; आता पुढच्या वर्षी नवऱ्यांची सहल काढू आणि टॉवेल तुम्हालाच देऊ धुवायला.

यशोधराबाई परत टबाकडं आल्या, पण वाकल्या नाहीत. गेटजवळच्या नळाखाली त्यांनी प्रवासानं धुळकटलेलं तोंड धुतलं आणि भीमराजांना म्हणाल्या, “यातला एक द्या मला. तिकडं लागेल.”

भीमराज टबातून बाहेर आले. काष्टीहून आलेल्या माणसाला द्यायचा म्हणून त्यांनी हनुमंतरावांच्या गॅलरीतून, सर्वांत आधी तुडवलेला, चांगला वाळलेला टॉवेल निवडून आणला. दोन्ही हातांनी पुढं केला. यशोधराबाईंनी तोंड पुसलं. कपाळ पुसलं, गाल पुसले, आणि पुसता पुसता त्यांच्या डाव्या गालावर बारीकसा पांढरा फेस आला.

त्यांनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि त्या हसायला लागल्या. तिचं एवढं हसू शेवटचं कधी ऐकलं ते भीमराजांना आठवेना. ते ओशाळून म्हणाले, आण इकडं, आणखी एकदा खळबळून देतो. त्यांनी हात पुढं केला, पण यशोधराबाईंनी टॉवेल दिला नाही. त्याची नीट चौकोनी घडी घातली, पिशवीत सगळ्यांत वर ठेवली आणि चेन लावली.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “अकरा दिवस आहेत. निघेल.”